शरीराचे घड्याळ आणि महाविद्यालयाचे वेळापत्रक : दीर्घकालीन आजारासह शिकताना

इलेक्ट्रॉनिक सिटी (बेंगळुरू) : होसूर रस्त्यालगतच्या कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगुरू या दोन गावांच्या ३३२ एकर जमिनीवर १९७८ मध्ये कर्नाटक शासनाच्या ‘किऑनिक्स’ महामंडळाने इलेक्ट्रॉनिक सिटी वसवली. आज ती केवळ नोकरदारांची वसाहत राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था (आयआयआयटी), जैवमाहितीशास्त्र शिकवणारी आयबॅब ही संस्था, पीईएस विद्यापीठाचे होसूर रस्त्यावरील संकुल आणि आसपासची महाविद्यालये यांमुळे हजारो विद्यार्थी येथील वसतिगृहांत आणि पीजींमध्ये राहतात. पुणे, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव येथून आलेले मराठी विद्यार्थीही त्यांत आहेत. त्यांपैकी काही जण बॅगेत लॅपटॉपसोबत इन्सुलिनचे पेन, इनहेलर किंवा आकडीवरील गोळ्यांची पाकिटे घेऊन आलेले असतात. आजार बरा होण्याची वाट पाहून मग शिकावे, हा पर्याय त्यांना नाही. आजार आणि शिक्षण ही दोन्ही एकाच दिवसात बसवावी लागतात. ती कशी बसतात, कोठे अडतात आणि ती बसवण्याची जबाबदारी कोणाकोणाची, हे समजून घेणे विद्यार्थ्यांइतकेच पालक आणि प्राध्यापक यांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न नवा का आहे?

हा प्रश्न एका अर्थाने वैद्यकशास्त्राच्या यशातून निर्माण झाला आहे. जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथमच इन्सुलिन टोचण्यात आले. त्यापूर्वी प्रकार १ मधुमेह झालेली मुले क्वचितच फार काळ जगत; महाविद्यालयाचा विचारही दूरच होता. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल किंवा जन्मजात हृदयविकार असलेल्या मुलांची स्थितीही काही दशकांपूर्वीपर्यंत फारशी वेगळी नव्हती. आज ही मुले बारावी उत्तीर्ण होतात, प्रवेश परीक्षा देतात आणि घरापासून हजार किलोमीटर दूर शिकायला जातात.

या बदलाचा एक धागा इलेक्ट्रॉनिक सिटीशीही जोडलेला आहे. येथेच मुख्यालय असलेल्या बायोकॉन कंपनीने २००४ मध्ये यीस्टच्या साहाय्याने तयार केलेले मानवी इन्सुलिन भारतीय बाजारात आणले. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालानुसार वीस वर्षांखालील प्रकार १ मधुमेहींची संख्या जगात सर्वाधिक भारतात, म्हणजे सुमारे २ लाख २९ हजार आहे. ही मुले मोठी होत आहेत आणि उच्च शिक्षणाच्या दाराशी येत आहेत. औषध त्यांच्यापर्यंत पोहोचले आहे. महाविद्यालयाचे वेळापत्रक, मेस, परीक्षागृह आणि उपस्थितीपट हे मात्र बहुतांशी निरोगी शरीर गृहीत धरूनच आखलेले आहेत. खरी अडचण येथे सुरू होते.

घर सुटते तेव्हा

दीर्घकालीन आजार असलेल्या मुलाच्या घरात एक अदृश्य यंत्रणा काम करत असते. औषध संपण्याआधी कोणीतरी ते आणून ठेवते. ताटात भात किती वाढला याकडे आईचे लक्ष असते. रात्री खोकल्याचा आवाज आला, तर शेजारच्या खोलीत दिवा लागतो. अठराव्या वर्षी घर सुटते आणि ही सारी कामे एका दिवसात विद्यार्थ्याच्या अंगावर येतात. याच वयात बालरोगतज्ज्ञांकडून प्रौढांच्या डॉक्टरांकडे जाण्याची वेळही येते. जुना डॉक्टर मागे राहिला आणि नवा अजून मिळालेला नाही, या मधल्या काळात अनेकांचे उपचार विस्कळीत होतात.

मेसचे जेवण हे पहिले आव्हान असते. घरी भाकरी, पोळी आणि मोजका भात खाण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला बेंगळुरूत सकाळी इडली, डोसा किंवा चित्रान्न, दुपारी अन्न-सारू आणि रात्री पुन्हा भात असा आहार मिळतो. हे अन्न वाईट नाही. पण त्यातील पिष्टमय पदार्थांचे प्रमाण वेगळे असते आणि इन्सुलिनची मात्रा त्या प्रमाणाशी जुळवावी लागते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात मेसमधील नेहमीच्या पदार्थांची यादी करून, ते खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर तपासून नोंद ठेवावी आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवून मात्रा ठरवून घ्यावी. अंदाजाने मात्रा वाढवणे धोक्याचे असते.

दुसरे आव्हान वेळेचे. प्रयोगशाळेचे काम लांबते, हॅकेथॉन रात्रभर चालते, जेवण अकरा वाजता होते. निरोगी विद्यार्थ्याला यातून फक्त थकवा येतो. अपस्माराच्या रुग्णाला मात्र अपुरी झोप आकडीचे थेट निमित्त ठरू शकते. रात्रभर जागून अभ्यास करणे हा त्याच्यासाठी मेहनतीचा पुरावा नसून टाळता येण्याजोगा धोका आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पहाटेची थंडी, पाणी कमी पिणे आणि अतिश्रम यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर किंवा नंदुरबारहून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही माहिती विशेष महत्त्वाची आहे. कारण या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण अधिक आहेत आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूच्या थंड सकाळी त्यांच्या परिचयाच्या नसतात.

तिसरी अडचण साठवणुकीची. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेले पेन खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते. पीजीतील सामाईक फ्रिजमध्ये ते बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवले आणि गोठले, तर निरुपयोगी होते. नाव लिहिलेला बंद डबा आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यातील निश्चित जागा, एवढी साधी व्यवस्था वॉर्डन किंवा पीजीचालकाशी बोलून पहिल्याच दिवशी करून घेता येते.

सांगावे की लपवावे?

आजाराविषयी बोलावे की नाही, हा विद्यार्थ्यापुढील सर्वांत अवघड निर्णय असतो. नव्या ठिकाणी ‘आजारी मुलगा’ किंवा ‘आजारी मुलगी’ ही ओळख नको वाटणे स्वाभाविक आहे. मुलींच्या बाबतीत घरूनही ‘कोणाला सांगू नकोस’ असा सल्ला मिळतो. त्यामागे पुढे लग्न ठरवताना अडचण येईल ही भीती असते. अपस्मारासंबंधी ही भीती अधिक गडद असते. ती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही, कारण समाजात गैरसमज खरोखरच आहेत.

तरीही पूर्ण गुप्ततेची किंमत फार मोठी असते. मित्रांसमोर टोचून घ्यायला नको म्हणून दुपारचे इन्सुलिन चुकवले जाते. वर्गात खाताना कोणी पाहील म्हणून साखर उतरत असतानाही गोळी तोंडात टाकली जात नाही. इनहेलर बॅगेच्या तळाशी राहतो. आजार लपवण्याच्या प्रयत्नातच आजार हाताबाहेर जातो आणि मग तो सर्वांना एकाच दिवशी, तोही रुग्णवाहिकेसह, कळतो.

म्हणून ‘सांगावे की नाही’ यापेक्षा ‘कोणाला, किती आणि केव्हा सांगावे’ हा प्रश्न अधिक उपयुक्त आहे. खोलीतील सोबत्याला आणीबाणीत काय करायचे एवढे माहीत असावे. वॉर्डनकडे आजाराचे नाव, औषधे, डॉक्टरांचा आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला एक कागद असावा. वर्गाचे मार्गदर्शक प्राध्यापक आणि परीक्षा विभाग यांच्याकडे वैद्यकीय प्रमाणपत्र असावे. साऱ्या वर्गाला सांगण्याचे बंधन कोणावरच नाही. हे सांगण्याची योग्य वेळ प्रवेशानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांची. प्रकृती ठीक असताना केलेली विनंती नियोजन म्हणून ऐकली जाते. संकटानंतर केलेली विनंती अनेकदा सबब म्हणून ऐकली जाते.

खोलीतील सोबत्याला काय ठाऊक असावे?

प्रकार १ मधुमेहात रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की घाम, थरथर, चिडचिड, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसतात. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज असल्यास तेच पुन्हा करावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी किंवा साखर मुळीच घालू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. तिला कुशीवर वळवून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. याउलट ताप किंवा उलट्या होत असताना ‘काही खाल्लेच नाही’ म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणे ही घातक चूक ठरते. अशा वेळी डॉक्टरांशी लगेच बोलावे.

आकडी आली असता रुग्णाला घट्ट धरून ठेवू नये. तोंडात चमचा घालणे, चप्पल किंवा कांदा हुंगवणे, किल्ल्यांचा जुडगा हातात देणे यांचा काहीही उपयोग नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. आकडी पाच मिनिटांपेक्षा अधिक चालली किंवा शुद्ध येण्याआधीच दुसरी आली, तर ती आणीबाणी समजावी.

दम्याच्या बाबतीत दोन प्रकारच्या औषधांतील फरक समजणे आवश्यक आहे. एक औषध झटका आल्यावर आराम देते, तर दुसरे रोज घेतल्याने झटका टळतो. बरे वाटू लागले म्हणून रोजचे औषध बंद करणे हे दमा बळावण्याचे नेहमीचे कारण असते. रस्त्यांची आणि इमारतींची सततची बांधकामे, त्यांची धूळ आणि मोकळ्या भूखंडांवर माजलेले गाजर गवत यांमुळे या परिसरात ही काळजी अधिक घ्यावी लागते. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला किंवा छातीत दुखून श्वास लागला, तर सकाळपर्यंत थांबू नये.

भाषेचाही येथे संबंध येतो. पीजीचा रखवालदार, रिक्षाचालक किंवा मेसमधील कामगार यांना मराठी येईलच असे नाही. मधुमेहाला कन्नडमध्ये ‘सक्करे कायिले’ म्हणतात. ‘सक्करे कोडी’ म्हणजे ‘साखर द्या’. मराठी जिभेला हे शब्द परके वाटत नाहीत आणि वेळेवर ते फार मोलाचे ठरतात. पाकिटात किंवा मोबाइलच्या कुलूपपडद्यावर आजाराचे नाव इंग्रजी आणि कन्नड या दोन भाषांत असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

उपस्थिती, परीक्षा आणि कायदा

बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. काही ठिकाणी ही अट ८५ टक्के आहे. थॅलेसेमियाच्या विद्यार्थ्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यावे लागते. ही अनुपस्थिती अचानक उद्भवणारी नाही. तिच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच सांगता येतात. त्यामुळे असा विद्यार्थी प्रात्यक्षिकांचे दिवस आधी बदलून मागू शकतो. शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्रांचा गठ्ठा सादर करण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात उपचारांचे वेळापत्रक सादर करणे केव्हाही श्रेयस्कर. त्यावर मिळालेले उत्तर लेखी असावे, कारण प्राध्यापक बदलतात, परंतु कागद राहतो.

कायद्याची बाजू दोन स्तरांवर समजून घ्यावी लागते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू असलेल्या ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांना शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के आरक्षण आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची सवलत आहे. प्रकार १ मधुमेह, दमा आणि अपस्मार यांची नावे मात्र या यादीत नाहीत. म्हणजेच रोज चार वेळा टोचून घेणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी सवलत बहुतांशी संस्थेच्या समंजसपणावर अवलंबून राहते.

तथापि, यादी हा कायद्याचा शेवट नाही. दीर्घकालीन व्याधी आणि समाजातील अडथळे यांच्या एकत्रित परिणामाने ज्याचा पूर्ण सहभाग अडतो, अशी दिव्यांग व्यक्तीची व्यापक व्याख्या अधिनियमात आहे आणि ‘वाजवी सोय’ पुरवण्याचे तत्त्वही त्यात आहे. ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी हे तत्त्व स्पष्ट केले. लिहिताना हाताला पेटके येण्याची व्याधी असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नसल्याच्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने दिला. त्यानंतर केंद्राने १० ऑगस्ट २०२२ रोजी अशा परीक्षार्थींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिक आणि दर तासाला २० मिनिटे अतिरिक्त वेळ यांची तरतूद आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘गुलशन कुमार’ प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका पुढे नेली. आरक्षण आणि सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी टक्केवारी लागते, दुसरीसाठी खरी गरज पुरेशी असावी, हा या निर्णयांचा आशय आहे.

मधुमेही परीक्षार्थींसाठी काही पायवाटा आधीच तयार आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये प्रकार १ मधुमेह असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या, फळे आणि पाणी नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या प्रवेश परीक्षांतही अशी सवलत आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने शाळांसाठी याच स्वरूपाच्या सूचना केल्या. शाळेत आणि प्रवेश परीक्षेत मान्य झालेली सोय महाविद्यालयाच्या सत्रपरीक्षेत नाकारण्यास सयुक्तिक कारण उरत नाही. विद्यार्थ्याने अर्जासोबत ही उदाहरणे जोडावीत. साखर सतत मोजणारा सेन्सर मोबाइलशी जोडलेला असेल, तर परीक्षागृहात मोबाइलला बंदी असल्याने अडचण येते. पर्यवेक्षकाच्या टेबलावर उपकरण ठेवणे किंवा स्वतंत्र वाचकयंत्र वापरणे हा मार्ग परीक्षेच्या आधीच ठरवून घ्यावा.

दवाखाना आणि खर्च

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या विद्यार्थ्यांना एक सोय जवळ आहे : बोम्मसंद्र येथील नारायणा हेल्थ सिटीसारखी मोठी रुग्णालये होसूर रस्त्यावरच आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून शहरातील डॉक्टरांकडे जाण्यासाठी सिल्क बोर्ड चौकातील कोंडीत अडकणे अपरिहार्य राहिलेले नाही. तरीही आणीबाणीत कोणत्या रुग्णालयात जायचे हे आधी ठरवून, तेथे एकदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन नोंद करून ठेवणे शहाणपणाचे ठरते. गावच्या डॉक्टरांकडून आजाराचा सारांश, औषधांची रासायनिक नावे आणि शेवटच्या तपासण्या लिहून घेतल्या, तर नव्या डॉक्टरांचा वेळ वाचतो.

विम्याबाबत दोन गोष्टी तपासाव्यात. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा काळ ३६ महिन्यांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. महाविद्यालयाचा गटविमा असल्यास त्यात असे आजार पहिल्या दिवसापासून समाविष्ट आहेत का, हे लेखी विचारावे. आयुष्मान भारत कार्ड देशभर चालते; राज्य योजनांचे लाभ मात्र सहसा राज्याच्या हद्दीपुरते मर्यादित असतात.

मनाचा भार

दीर्घकालीन आजारात सुट्टी नसते. परीक्षेच्या दिवशी, मित्राच्या वाढदिवशी, दिवाळीत गावी जाणाऱ्या रात्रीच्या बसमध्येही मोजमाप सुरूच असते. त्यातून येणारा कंटाळा, राग आणि ‘मलाच का’ हा प्रश्न दुबळेपणाचे लक्षण नाही. उपचारांतील चुकारपणा अनेकदा याच थकव्यातून येतो. केंद्राची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी बेंगळुरूतून सुरू झाली. निम्हान्स तिचे मुख्य केंद्र असून, तंत्रज्ञानाची बाजू इलेक्ट्रॉनिक सिटीतील आयआयआयटीने सांभाळली आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. मनातले आपल्या भाषेत बोलता येणे हीसुद्धा परगावी एक मोठी सोय आहे.

पालकांचीही येथे परीक्षा असते. दर दोन तासांनी ‘साखर किती?’ असा फोन केल्याने मुलगा उत्तर द्यायला शिकतो. आजार सांभाळायला शिकतोच असे नाही. बारावीनंतरच्या सुट्टीत औषधे आणणे, डॉक्टरांची वेळ घेणे, नोंदी ठेवणे ही कामे त्याच्याकडे सोपवून चुका घरातच होऊ दिल्या, तर परगावी त्या कमी होतात.

संस्थांनी काय करावे?

या साऱ्यात संस्थेचा वाटा फार खर्चिक नाही. प्रवेश अर्जात आजाराची माहिती देण्यासाठी ऐच्छिक आणि गोपनीय रकाना, एक जबाबदार संपर्क अधिकारी, वॉर्डन आणि रखवालदारांना प्रथमोपचाराचे तासाभराचे प्रशिक्षण, मेसमध्ये उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेले ताट, वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये औषधांचा एक कप्पा आणि वैद्यकीय अनुपस्थितीसाठी लेखी नियम, एवढ्यावर बरेचसे प्रश्न सुटतात. आज ज्या सवलती एखाद्या सहृदय प्राध्यापकामुळे मिळतात, त्या नियमामुळे मिळाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. कारण सहृदय प्राध्यापक प्रत्येक विभागात असतीलच याची खात्री देता येत नाही, आणि इन्सुलिनची पुढची वेळ त्यांच्या शोधासाठी थांबत नाही.